कुंपणाबाहेरचे गाव : प्रस्तावना

शहरातले शिक्षण किंवा नोकरी काही काळ बाजूला ठेवून एखाद्या शेतावर किंवा पर्यावरणस्नेही वसाहतीत राहायला जाणारी तरुण मुलेमुली आता अपवाद राहिलेली नाहीत. दिवसाचे चार-पाच तास काम, त्याच्या बदल्यात राहण्याजेवणाची सोय, आणि सोबत शेती, मातीची घरे, पाण्याची साठवण, खत, बियाणे यांचे प्रत्यक्ष शिक्षण, असा हा व्यवहार असतो. कोणी त्याला इंटर्नशिप म्हणते, कोणी स्वयंसेवा. उष्ण कटिबंधात वर्षभर काही ना काही उगवते आणि अंगणातही झोपता येते, म्हणून अशा वसाहतींना तो प्रदेश मानवतो. गोव्यात या मंडळींची ओढ आधी किनाऱ्याकडे होती. पुढे ती उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या आतल्या गावांकडेही वळली. त्या गावांत आज या वसाहतींकडे कुठे कौतुकाने पाहिले जाते, कुठे संशयाने. या पुस्तकाचा विषय ते इंटर्न आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या वसाहती हा आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. एखादी वसाहत टिकाऊ आहे की नाही याचा निकाल तिच्या कुंपणाच्या आत लागत नाही. आजूबाजूच्या गावाचे पाणी, बांध आणि शेती टिकवण्यात तिचा वाटा किती आणि त्या कामाचे निर्णय कोणाच्या हाती, यावर तो लागतो. इंटर्नच्या श्रमांचे मोलही मी त्याच मापाने ठरवीन.

श्रमातून शिक्षण ही कल्पना नवी नाही. गांधीजींनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत फिनिक्स वसाहत आणि १९१० साली टॉलस्टॉय फार्म उभे केले, तेव्हा शरीरश्रमाला त्यांनी रोजच्या जगण्यात आणि शिकण्यात जागा दिली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल हे स्विस शांततावादी काही सोबत्यांसह व्हर्दँच्या रणभूमीजवळचे एक उद्ध्वस्त गाव उभारायला गेले. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तेच सेरेसोल भारतात येऊन राबले. इंग्लंडमध्ये १९७१ साली स्यू कोपर्ड यांनी लंडनकरांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतांवर कामाला नेण्याचा उपक्रम सुरू केला. आज ‘वूफ’ या नावाने तो देशोदेशी चालतो. महाराष्ट्रात बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने पिढ्यान्‌पिढ्या तरुणांच्या हाती कुदळ-फावडे दिले, आणि २००६ पासून अभय व राणी बंग यांच्या ‘निर्माण’ने तरुणांना गडचिरोलीत नेऊन समाजाच्या प्रश्नांसमोर उभे केले. गोव्यालाही या परंपरेचा स्पर्श आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये उत्तरेकडून नवापूरहून आणि दक्षिणेकडून कन्याकुमारीहून निघालेली पश्चिम घाट बचाव पदयात्रा फेब्रुवारी १९८८ मध्ये फोंड्याजवळ रामनाथीला येऊन मिळाली. या उपक्रमांची तत्त्वे वेगवेगळी होती, पण जिथे प्रत्यक्ष उभारणीचे काम होते तिथे ते कोणाचे, हे आधीपासून स्पष्ट होते. बिहारमधली घरे भूकंपग्रस्तांची होती, सोमनाथची शेते कुष्ठमुक्तांची होती. स्वयंसेवक परतला तरी काम ज्याचे त्याच्याकडे राहिले. आजच्या वसाहतींत नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

तो गोव्यात अधिक नेटाने विचारायला हवा, कारण टिकाऊ समूहजीवनाची इथली परंपरा या वसाहतींच्या कितीतरी आधीची आहे. पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाने १५२६ साली गावकारांचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांचे, हक्क आणि रिवाज लेखी नोंदवले, तेव्हा ही गावकारीची व्यवस्था आधीच जुनी झालेली होती. जमीन समूहाची, ती लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून आधी बांध, पाट, देऊळ आणि गावच्या सेवा भागवायच्या आणि उरेल ते जोण म्हणून वाटायचे, असा तिचा गाभा होता. पेडणे आणि डिचोली नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातले. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. त्यामुळे इथे देसाई, मोकासदार, भाटकार (जमीनमालक) आणि कुळे यांच्या संबंधांचा ठसा अधिक खोल आहे. तरीही नदीकाठच्या खाजन शेतीने इथल्या माणसांना एकत्र काम करायला लावले. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठी पेडण्यातली, तर मांडवी आणि तिला मिळणाऱ्या खाड्यांच्या काठी डिचोलीतली. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही शेते माणसांनी बांध घालून समुद्राकडून मिळवली आहेत, आणि बांध सांभाळला तरच ती शेते राहतात.

खाजनाचा बांध लांबून नुसता मातीचा उंचवटा दिसतो. जवळ गेल्यावर त्याची रचना कळते. पायाला चिरे, वर खाडीतली चिकण माती आणि नदीच्या अंगाला लाटांचा मार सोसणारी खारफुटी. या बांधात दगडी चौकट बसवून तिच्यात लाकडी दारे लावलेली असतात. तीच मानस. भरतीचे पाणी नदीकडून रेटू लागले की दारे आपोआप मिटतात. ओहोटीला नदी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. वीज लागत नाही, मोटर लागत नाही; लागते ती रोजची नजर. फळी कुजली, दारात ओंडका अडकला किंवा खेकड्यांनी बांध पोखरला आणि ते वेळीच ध्यानात आले नाही, तर खारे पाणी शेतात शिरायला एक भरती पुरते. ते मीठ धुऊन निघायला मात्र एकाहून अधिक पावसाळे जाऊ शकतात. कोरगुट हे खाजनातले भात मीठ सोसणारे आहे, पण त्यालाही पेरणीआधी पावसाने वरचा खार धुऊन निघावा लागतो. मानशीच्या तोंडाशी होणारी मासेमारी लिलावाने दिली जाते. शेवटे, काळुंदर, चणक, सुंगटे यांचे उत्पन्न बांधाच्या खर्चाला हातभार लावते. मासे घेणाऱ्याला आत अधिक खारे पाणी हवे असते, भात पिकवणाऱ्याला ते नको असते. हा झगडा दरवर्षीचा आहे आणि तो सोडवायला कुठले यंत्र उपयोगी पडत नाही. माणसांनी एकत्र बसून पाणी किती आणि केव्हा घ्यायचे हे ठरवावे लागते. टिकाऊपणा म्हणजे मुख्यतः असा निर्णय घेण्याची आणि तो पाळण्याची रीत आहे. सौरऊर्जा आणि शेणखत या तिच्या हाताखालच्या गोष्टी आहेत.

हे मान्य केले की इंटर्नच्या येण्याजाण्याच्या वेळेचा प्रश्न उभा राहतो. बाहेरची मंडळी बहुतेक करून नोव्हेंबर ते मार्च या काळात गोव्यात येतात, कारण तेव्हा हवा बरी असते. शेतीचे वर्ष त्या सोयीने चालत नाही. बांधाची डागडुजी एप्रिल-मे मध्ये, ऊन अंगावर घेत, पहिल्या पावसाच्या आत उरकावी लागते. सरद (पावसाळी) भाताची पेरणी जूनमध्ये, लावणी जुलैच्या चिखलात, कापणी पावसाळ्याच्या अखेरीस. वायंगण (हिवाळी) शेती आणि भातानंतरचे अळसांदे, मिरची, भाजीपाला एवढेच काय ते हिवाळ्याच्या पाहुण्याला दिसते. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये अनेक वाड्यांवर पाण्याची ओढ असते, कारण जांभ्याच्या सड्यावर पडलेले पाणी मुरते किती, वाहून जाते किती आणि झऱ्याला येते किती, यावर उन्हाळ्याचे सारे अवलंबून असते. जानेवारीतली हिरवळ पाहून जो जमिनीचा आराखडा काढतो, त्याला पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे कळलेले नसते. त्याने बांधलेल्या मातीच्या भिंतीला पागोळ्यांपासून वाचवणारी पडवी नसते आणि त्याने खणलेला चर पहिल्याच आषाढसरीत वाहून जातो. म्हणून ज्या वसाहतीचा इंटर्नशिपचा काळ पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो, ती आपल्या शिकाऊ मुलांना गोव्यातल्या शेतीचे अर्धेच शिक्षण देते.

कुंपणाच्या आत टिकाऊपणा का मावत नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा डिचोलीत आहे. शिरगाव, मुळगाव, मये, लामगाव, बोर्डे या भागात लोहखनिजाच्या खाणींनी अनेक दशके डोंगर कापले. शिरगावात खाणींचे तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेले आणि खड्ड्यांत साचणारे भूजल उपसून टाकले जाऊ लागले, तेव्हा आसपासच्या विहिरी आटल्या. पावसात खनिज मातीचे ढीग धुपून लाल गाळ पाटांत आणि भातशेतांत उतरला. त्या काळात एखाद्याने मळ्यात कितीही काटेकोर सेंद्रिय शेती केली असती, तरी त्याच्या विहिरीचे पाणी शेजारच्या खड्ड्याकडेच गेले असते. खाणींच्या प्रश्नावर काम झाले ते गावकऱ्यांच्या तक्रारींतून, ग्रामसभांतून आणि गोवा फाउंडेशनसारख्या संस्थेने न्यायालयात चिकाटीने लढवलेल्या याचिकांतून. २०१२ मध्ये खाणकाम थांबले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले. त्यानंतर नव्या पद्धतीने लिलाव झाले तेव्हा, डिसेंबर २०२२ मध्ये, पहिला गट होता तो डिचोलीचाच. म्हणजे हा प्रश्न संपलेला नाही. पेडण्यात त्याचे रूप निराळे आहे. नदीपात्रातल्या बेकायदा रेतीउपशाने तेरेखोल आणि शापोरा यांचे काठ ढासळतात, बांधाखालची जमीन सरकते. मोप्याचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाल्यापासून सड्यावरच्या आणि उतारावरच्या जमिनींना आलेला भाव तर सर्वांसमोर आहे. या सगळ्यांत वसाहतीतल्या इंटर्नने फक्त आपल्या भाजीच्या वाफ्याकडे पाहावे, अशी त्याच्या शिक्षणाची आखणी असेल तर त्याला विषयाचा गाभाच कळणार नाही.

गावाशी जोडलेले काम कसे दिसते, हे मोरजीच्या किनाऱ्यावर पाहायला मिळते. ऑलिव्ह रिडले कासवे तिथे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिले बाहेर यायला साधारण दीड महिना किंवा थोडे अधिक दिवस लागतात. पूर्वी ही अंडी काढून खाल्ली आणि विकली जात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वनखात्याने स्थानिकांना हाताशी धरले आणि किनारा ओळखणारी माणसेच घरट्यांची राखण करू लागली. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांना कासवांची वीणस्थळे म्हणून संरक्षण मिळाले, आणि त्याच अधिसूचनेत खाजन जमिनींच्या रक्षणाचीही तरतूद झाली. इथे बाहेरून आलेल्या मुलाला करण्यासारखे पुष्कळ आहे: रात्रीची गस्त, नोंदी, किनाऱ्यावरचे दिवे आणि गोंगाट कमी करण्यासाठी शॅकवाल्यांशी आणि पर्यटकांशी बोलणे. पण घरटे कुठे हलवायचे, कुठे कुंपण घालायचे हे तो ठरवत नाही. खाते आणि अनुभवी राखणदार ठरवतात. तो गेला तरी राखण चालू राहते. इंटर्नच्या कामाचे याहून चांगले मानदंड मला माहीत नाहीत. काम त्याच्या येण्याआधी चाललेले असावे, त्याच्या येण्याने थोडे सुधारावे आणि त्याच्या जाण्याने थांबू नये.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीरपणे ऐकण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप वसाहती चालवणाऱ्यांचा. आम्ही पडीक जमीन घेतली, झाडे लावली, सांडपाणी जिरवले, वीज सूर्यापासून घेतली. हे काम थोडे आहे का, आणि गावाचे सारे प्रश्न आमच्या माथी का, असे ते विचारतात. हे काम थोडे नाही. हिरवा झालेला एकेक तुकडा मोलाचा आहे. परंतु जमीन घेणे हीच गावातली एक घटना असते. एका वसाहतीने चांगल्या हेतूने दिलेला भाव शेजारच्या दलालाच्या जाहिरातीत जातो, आणि गावातल्या तरुण शेतकऱ्याला तीच जमीन कसायला मिळेनाशी होते. भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून गोवा सरकारला २०२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, एवढा हा प्रश्न खरा आहे. वसाहतीने गावाचे सर्व प्रश्न सोडवावेत असे कोणी म्हणत नाही. ज्या पाण्यावर, रस्त्यावर आणि जमिनीच्या बाजारावर ती उभी आहे, त्यांच्या हिशेबात तिने आपला वाटा उचलावा, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप मजुरांच्या बाजूने येतो आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. राहण्याजेवणावर राबणारी मुले मिळाली तर रोजंदारीवरच्या माणसाला कोण बोलावणार? शेण कालवणे, भिंत लिंपणे, आळी करणे ही कामे गावातल्या बायामाणसांच्या मजुरीची आहेत. ती इंटर्नला शिक्षण म्हणून फुकट करायला दिली, तर शिक्षणाच्या नावाखाली मजुरी बुडते. इंटर्नकडून उलट फी घेतली जात असेल, तर तो पैसा कुठे जातो हेही विचारलेच पाहिजे. कायद्याची बाजूही आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याला भारतात स्वयंसेवेची मुभा आहे ती जास्तीत जास्त एक महिन्याची, आणि तीही कोणताही मोबदला न घेता. राहण्याजेवणाच्या बदल्यात महिनोन्‌महिने राबवून घेणे त्या मर्यादेत बसत नाही. यावर उत्तर एकच दिसते. ज्या कामाला गावात मजुरी मिळते ते काम मजुरी देऊनच करवून घ्यावे, आणि इंटर्नने ते करणाऱ्या माणसाच्या हाताखाली शिकावे. चिरे रचणारा गवंडी, बीज राखणारी शेतकरीण, मानशीची दारे बसवणारा सुतार हे त्याचे शिक्षक आहेत, आणि शिक्षकाला मानधन द्यायचे असते. असे झाले तर इंटर्नच्या येण्याने गावात एक रोजगार वाढतो, घटत नाही.

तिसरा आक्षेप अगदी उलट दिशेचा आहे. गावाकडे वळा म्हणता, पण ते गाव तरी कुठे न्यायाचे होते? गावकारी पुरुषांची होती, जातीच्या उतरंडीवर उभी होती. बांध घालणारे हात आणि जोण घेणारे हात एकच नव्हते. नव्या काबिजादीत भाटकार आणि कूळ यांच्यातले अंतर तर डोळ्यांवर येणारे होते. मयेसारख्या गावात गोवामुक्तीनंतरही पिढ्यान्‌पिढ्या लोक स्थलांतरितांच्या मालमत्तेचे रहिवासी म्हणून जगले, आणि त्यांच्या घरांजमिनींच्या हक्कासाठी २०१४ मध्ये कायदा व्हावा लागला. हे सारे खरे आहे, आणि गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्या लिखाणापासून तरुणांनी सावध राहावे असेच मीही सांगेन. पण समूहाची जबाबदारी आणि समूहातली विषमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरीपासून सोडवण्याचे काम मुक्तीनंतरच्या गोव्याने सुरू केले आहे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले, १९७६ च्या दुरुस्तीने त्याला जमिनीच्या मालकीकडे नेले, आणि १९७५ च्या नियमांनी बांध-मानशीची सामूहिक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे सोपवली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीला जैवविविधता समिती नेमून गावातल्या झाडांची, बियाण्यांची आणि जाणकारीची नोंदवही ठेवायला सांगितले. त्यातल्या कित्येक संघटना निपचित पडल्या आहेत, कित्येक नोंदवह्या जेमतेम भरल्या आहेत. इंटर्नच्या हाताला नेमके काम हवे असेल तर ते इथे आहे: बांधाची फूट मोजणे, झऱ्यांचे पाणी महिन्याकाठी नोंदवणे, कोरगुटाचे बी कोणाच्या घरी टिकून आहे ते शोधणे, ग्रामसभेपुढे नकाशा ठेवणे. या कामाला जात, वंश किंवा गावकारपण लागत नाही. चिकाटी आणि विश्वास लागतो.

चौथा आक्षेप काळाचा. कोणत्या मुलाला वर्षभर मोकळीक असते? त्याला तीन आठवडे मिळतात. तेही नाकारायचे का? नाकारू नयेत. सोमनाथची छावणी तर आठवड्याभराचीच असते, आणि तिचे मोल तिने पाडलेल्या घामाहून तिथून परतलेल्या माणसांत मोजायचे असते. थोड्या दिवसांचे शिबिर हे स्वतःला घडवण्याचे साधन आहे, आणि त्याला तेवढेच म्हणावे. गावाला मदत केल्याचा शिक्का त्यावर मारू नये. गावाच्या उपयोगी पडायचे असेल त्याने निदान एक पूर्ण हंगाम, पेरणीपासून कापणीपर्यंत, द्यायला हवा. हे अशक्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक दिले आहेत, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने महाविद्यालयांना तशी दारे उघडली आहेत. पेडण्याचा, डिचोलीचा, सत्तरीचा किंवा सीमेपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्गचा विद्यार्थी हे श्रेयांक एखाद्या कचेरीत कागद हलवून मिळवण्याऐवजी आपल्याच तालुक्यातल्या बांधावर मिळवू शकतो. त्याला रोज घरी जाता येते, म्हणून हंगामभर थांबता येते. म्हाताऱ्या शेतकऱ्याचे बोलणे त्याला दुभाष्याशिवाय कळते. गावातली जाणकारी कोकणीत आणि मराठीत साठवलेली आहे, आणि ती उतरवून घ्यायला त्या भाषांत वाढलेली मुले सर्वांत लायक आहेत.

म्हणून इंटर्न म्हटला की परदेशी किंवा महानगरी चेहरा डोळ्यांसमोर आणण्याची सवय सोडावी असे मला वाटते. बाहेरून येणाऱ्याला मज्जाव नको. तो वेगळे प्रश्न विचारतो, दुसरीकडे पाहिलेले उपाय आणतो, आणि गावाला नित्याचे वाटणारे त्याला नवलाचे वाटले की गावही त्याकडे पुन्हा पाहते. हरमलच्या मिरचीला मिळालेले भौगोलिक मानांकन किंवा खाजनांवर झालेले अभ्यास यांनी हे दाखवून दिले आहे की गावाची गोष्ट गावाबाहेर समजली तर तिचे बळ वाढते. पण बाहेरच्या इंटर्नच्या जोडीला गावातला एक इंटर्न असावा, त्यालाही तीच संधी, तेच प्रमाणपत्र आणि निदान खर्चाची भरपाई मिळावी. तिघांच्या पंगतीत वसाहत चालवणारा, बाहेरचा विद्यार्थी आणि गावातली मुलगी समान ताटावर बसली, तर पुढच्या दहा वर्षांत ती वसाहत चालवायला गावातलेच कोणी पुढे येईल. वसाहतीने आपल्या यशाची ही खूण मानावी.

आता मागणे सांगतो. इंटर्न घेणाऱ्यांनी तीन गोष्टी लिहून जाहीर कराव्यात: इंटर्नच्या कामातून कोणाची मजुरी जाते का, त्याच्या फीमधला किती पैसा गावाकडे जातो, आणि गावाच्या कोणत्या संघटनेच्या संमतीने ते काम ठरले. महाविद्यालयांनी श्रेयांक देण्यापूर्वी हीच तीन उत्तरे मागावीत. पंचायतींनी जैवविविधता समित्या आणि बांधांच्या संघटना जाग्या करून मुलांना नेमके काम द्यावे. काम मागायला आलेल्या तरुणाला परत पाठवणे गावाला परवडणारे नाही. आणि हे पुस्तक हाती घेऊन पेडण्याला किंवा डिचोलीला जायचे मनात आणणाऱ्या वाचकाला माझी विनंती अशी की तिकीट मे महिन्याच्या अखेरचे काढा. बांध पाहा, मानशीच्या दारांना हात लावा, पहिला पाऊस शेतात उभे राहून अनुभवा, आणि ऑक्टोबरमध्ये कापणी होईपर्यंत थांबा. तुम्ही निघाल तेव्हा तुमच्या नावावर थोडेच काम असेल. ते गावाच्या कामात मिसळलेले असेल आणि तुमच्यामागेही चालत राहील. इंटर्न म्हणून इतके साधले तर ते पुरेसे आहे, आणि याहून कमी साधणाऱ्या वसाहतीने स्वतःला टिकाऊ म्हणवून घेऊ नये.